काजूच्या हंगामाला धरून चालणारी पीएच.डी. हवी

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य, गोवा विद्यापीठ, ताळगाव पठार;
तसेच गोव्यातले भट्टीवाले, काजू कारखानदार, मासळीवर प्रक्रिया करणारे, पदेर (पाव भाजणारे) आणि कोकमाच्या सोलं-सिरपाचा धंदा करणारे माझे व्यवसायबंधू-भगिनी,

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातली. वाळपईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर आणि मागच्या बाजूला बाबांची काजूची भट्टी. पावणीत (लिलावात) काजूबागेचा पट्टा मिळाला की मार्चपासून मेअखेरपर्यंत घरात दुसरा विषय नसायचा. सकाळी बोंडं गोळा करायची, बिया पिळून वेगळ्या काढायच्या, दगडी कुंडीत बोंडं तुडवायची, रस मडक्यांत भरायचा आणि तो आपणहून आंबायची वाट पाहायची. शाळेची परीक्षा आणि बोंडांचा हंगाम एकाच वेळी यायचा, त्यामुळे माझ्या वह्यांना तो वास कायम असायचा. पुढे मी अन्नशास्त्रात एम.एस्सी. केलं, नंतर गोव्याबाहेरच्या एका विद्यापीठातून बोंडाच्या रसाच्या आंबवणीवर पीएच.डी. केली. आज एका लहान प्रक्रिया उद्योगात दर्जा-नियंत्रण पाहते. त्या पीएच.डी.मध्ये जे बिघडलं, त्यातून हे पत्र आलं आहे.

मागणी एकच आहे. गोव्याच्या खाद्यपदार्थांवरचं डॉक्टरेटचं संशोधन विद्यापीठाने आणि उद्योगाने मिळून करावं, आणि त्यात उद्योगाच्या बाजूने एखाद्या कंपनीऐवजी तो सगळा धंदा बसावा. फेणीवर काम करणारा विद्यार्थी भट्टीवाल्यांच्या गटाचा असावा, काजूगरावर काम करणारा कारखानदारांच्या गटाचा. विषय, पैसा, नमुने, निष्कर्षांवरचा हक्क हे सगळं त्या गटाशी आधी ठरावं आणि मगच विद्यार्थ्याने पहिली सही करावी.

काजूचं बोंड झाडावरून पडलं की जेमतेम एक दिवस टिकतं. बीच्या आठ-दहा पट त्याचं वजन, संत्र्याच्या कितीतरी पट जास्त क जीवनसत्त्व त्यात. पण साल इतकी पातळ की टोपलीत तळाला गेलेलं बोंड दुपारपर्यंत फुटतं आणि आंबायला लागतं. खाल्ल्यावर घसा धरतो तो टॅनिनमुळे. आपल्याकडे परंपरेने फेणीसाठी बाहेरून यीस्ट घालत नाहीत. सालीवर, कुंडीच्या दगडात, मडक्याच्या आतल्या भिंतीला जे यीस्ट वस्तीला असतं, तेच काम करतं. शेजारशेजारच्या दोन भट्ट्यांची फेणी वेगळी लागते, त्याचं एक मोठं कारण इथेच असणार असं मी मानते. आता हा रस बर्फाच्या पेटीत घालून दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेत नेला, तर तिथे पोचतो तो रस वाटेतच बदललेला असतो. कोणतं यीस्ट पहिल्या काही तासांत पुढे सरतं, कोणतं दुसऱ्या दिवशी मागे पडतं, हंगामाच्या सुरुवातीच्या गार रात्री आणि मेच्या उकाड्यात काय फरक होतो, हे पाहायचं तर विद्यार्थ्याने मडक्याजवळ बसायला हवं. रात्री दोन वाजताही.

पुढची पायरी उकळणीची. फळातल्या पेक्टिनपासून मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) सुटतं. ते किती सुटेल हे बोंड किती पिकलं होतं आणि चोथा रसात किती वेळ राहिला, अशा गोष्टींवर ठरतं. तांब्याचं भाण (रस उकळायचं भांडं) गंधकाचे वाईट वास धरून ठेवतं, म्हणून उकळायला तांबं चांगलं. पण रस आंबट असल्यामुळे तेच तांबं थोडं विरघळतंही. पहिल्या उकळणीचा हुर्राक, तो पुन्हा उकळला की फेणी. बाबा पहिली धार वेगळी काढतात. किती काढायची ते नाकाने ठरवतात. पेल्यात ओतलेल्या फेणीचा फेस किती वेळ टिकतो ते पाहून तिची ताकद सांगतात, आणि मग काचेचा ग्राव (ताकद मोजायचं साधन) बुडवून खात्री करून घेतात. लहानपणी मला ती जादू वाटायची. एम.एस्सी. झाल्यावर पहिल्याच सुट्टीत मी त्यांना पेक्टिन, मिथेनॉल, तांबं असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाये, तुजें पुस्तक खरें आसतलें. पूण हें ह्या भाणाक कोण सांगतलो?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पुस्तकातलं ज्ञान या भाणाला, या मडक्यांना, या डोंगरावरच्या बोंडांना लावून बघणारं कुणीतरी हवं. तेच काम करायचं म्हणून मी पीएच.डी.ला गेले.

आता माझ्यासोबत काय झालं ते सांगते. त्या विद्यापीठाचं आणि त्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा व्यवस्थेचा आहे.

एका पेय कंपनीशी विद्यापीठाचा सहकार्याचा करार होणार होता आणि त्यातून माझी जागा निघाली होती. मी खूश होते. प्रवेश जुलैत झाला. मग कोर्सवर्क, मग विषयाला मंजुरी देणारी समिती, मग करार. कराराचा मसुदा विद्यापीठाच्या विधी विभागातून कंपनीच्या विधी विभागात गेला, दुरुस्त होऊन परत आला, पुन्हा गेला. शेवटची सही मेच्या शेवटच्या आठवड्यात झाली. मी भट्टीवर पोचले तेव्हा पाऊस लागला होता आणि बाबांनी मडकी उलटी करून ठेवली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं लागतात. काजूच्या हिशेबात तीन वर्षं म्हणजे तीनच हंगाम. त्यातला एक माझा कागदांत गेला.

दुसरा हंगाम मात्र फार सुंदर गेला. बाबांची भट्टी आणि आसपासच्या आणखी चार. लोकांनी मला रस दिला, हुर्राक दिला, मध्यरात्री उठून दार उघडलं, चहा केला. एका काकींनी स्वतःच्या कुंडीतले तीन वेगवेगळे कोपरे दाखवून सांगितलं की या कोपऱ्यातला रस आधी उठतो (आंबायला लागतो), याचं काय ते बघ. बाबांनी तर ट्रंकेतून भिंतीवरच्या कॅलेंडरांची एक गुंडाळी काढली. वीस-बावीस वर्षांची कॅलेंडरं. मार्च, एप्रिल, मेच्या पानांवर तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरांत लिहिलेलं: अवकाळी सर पडली, बोंडं किती टोपल्या, रस किती दिवसांत उठला, भाणं किती झाली, धार कशी आली. मी ती कॅलेंडरं घेऊन शहरात गेले. सांगण्यात आलं की हे बाहेरचं साहित्य आहे, करारात ठरलेल्या नमुन्यांच्या पलीकडचं काही प्रबंधात घेता येणार नाही. मी गुंडाळी परत आणून दिली. बाबा काही बोलले नाहीत.

तिसऱ्या हंगामानंतर कंपनीतला आमचा विषय समजणारा अधिकारी दुसरीकडे गेला. नव्या माणसाने करारातल्या गोपनीयतेच्या कलमावर बोट ठेवलं आणि एक पूर्ण प्रकरण प्रबंधातून काढायला लावलं. माझे मार्गदर्शक सज्जन माणूस. त्यांनी पत्रं लिहिली, बैठका मागितल्या. कलम स्पष्ट होतं आणि खाली माझी सही होती. तेवीस वर्षांच्या मुलीने प्रवेश मिळाल्याच्या आनंदात न वाचता केलेली सही. त्या प्रकरणाशिवाय पदवी मिळाली. घरी आले तेव्हा त्या पाच भट्ट्यांवरच्या प्रत्येकाने विचारलं, काय सापडलं गो? ज्यांच्या कुंडीतला रस, ज्यांच्या मडक्यातलं यीस्ट, त्यांना मी त्यांच्याच रसाबद्दल सांगू शकले नाही. आजही सांगू शकत नाही, म्हणून या पत्रातही ते नाही.

हे माझ्या मनाला फार लागलेलं आहे. पण उद्योग आणि विद्यापीठ एकत्र येऊच नयेत असा निष्कर्ष मी त्यातून काढत नाही. ते एकत्र आले नसते तर अन्नशास्त्रातली रोजच्या वापरातली कितीतरी साधनं आपल्याला मिळालीच नसती.

दोन दारू कारखान्यांची गोष्ट मला नेहमी आठवते. डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या मालकाने, जे. सी. जेकबसेन यांनी, १८७५ मध्ये कारखान्याला जोडून प्रयोगशाळा काढली आणि नियम घातला की तात्त्विक किंवा व्यावहारिक महत्त्वाचा कोणताही निष्कर्ष लपवून ठेवायचा नाही. तिथेच १८८३ मध्ये एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी शुद्ध यीस्ट वेगळं करून वाढवण्याची पद्धत बसवली आणि कारखान्याने ते यीस्ट दुसऱ्यांनाही दिलं. त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेतल्या योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजायची रीत काढली; आज आपण अन्नातलं प्रथिन त्या रीतीने मोजतो. १९०९ मध्ये सोरेन सोरेन्सन यांनी आम्लता मोजायची पीएच ही कल्पना मांडली तीही तिथेच. मी कामावर दिवसातून दहा वेळा पीएच बघते.

दुसरा कारखाना डब्लिनचा, गिनेसचा. विल्यम गॉसेट तिथे १८९९ मध्ये नोकरीला लागले. जव आणि बिअर यांचे प्रयोग थोडे, नमुने मोजके. चार-पाच आकड्यांवरून खात्रीने काय म्हणता येईल, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. कंपनीने त्यांना १९०६-०७ मध्ये लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअर्सन यांच्याकडे अभ्यासाला पाठवलं, आणि त्या कामातून १९०८ मध्ये लहान नमुन्यांच्या संख्याशास्त्राचा पाया घालणारा निबंध आला. पण कारखान्याची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून त्यांना स्वतःच्या नावाने लिहायची मोकळीक नव्हती. 'स्टुडंट' या टोपणनावाने तो छापला गेला. प्रत्येक विज्ञानाचा विद्यार्थी जी 'स्टुडंट्स टी-टेस्ट' शिकतो, ती हीच. पाच भट्ट्यांचे आणि दोन हंगामांचे आकडे घेऊन मी जेव्हा ती चाचणी लावली, तेव्हा या माणसाचा प्रश्न आणि माझा प्रश्न किती सारखे आहेत ते जाणवलं. प्रश्न कारखान्यात उभा राहिला, उत्तर विद्यापीठात आकाराला आलं, आणि नाव मात्र झाकावं लागलं. गोव्यात आपण यातला पहिला भाग घेऊया, शेवटचा टाळूया.

उद्योगात राहून पीएच.डी. करण्याची सोय डेन्मार्कने १९७१ पासून केली आहे. विद्यार्थी कंपनीचा पगारी माणूस असतो, नाव विद्यापीठात असतं, वेळ दोन्हीकडे वाटलेला असतो आणि सरकार खर्चाचा काही भार उचलतं. फ्रान्समध्ये १९८१ पासून अशीच 'सिफ्र' योजना आहे. आपल्याकडेही भारतीय उद्योग महासंघाच्या साथीने पंतप्रधान डॉक्टरल फेलोशिप निघाली, जिच्यात अर्धी शिष्यवृत्ती सरकारची आणि अर्धी उद्योगाची. या सगळ्या योजना चांगल्या आहेत. पण त्या गृहीत धरतात की समोर एक कंपनी आहे, तिच्याकडे प्रयोगशाळा आहे, करार वाचणारा वकील आहे आणि तीन वर्षं थांबायची ऐपत आहे. माझ्या बाबांची भट्टी वर्षातले तीन महिने चालते. माणसं घरची, वर दोन-तीन मजूर. पदेराचं तेच, सोलं वाळवणाऱ्या बाईचं तेच. गोव्याचं खाणंपिणं ज्यांच्या हातून होतं, त्यांच्यातला एकही जण एकटा विद्यार्थी पोसू शकत नाही. म्हणून संशोधन जातं ते ऐपत असलेल्या मोठ्या कंपनीच्या दारी, आणि मग तिचंच होऊन राहतं.

एकत्र येऊन हे जमतं याचा दाखला आपल्या देशातच आहे. म्हशीच्या दुधाची पावडर होणार नाही असं परदेशी तज्ज्ञ म्हणत असताना आणंदच्या दूध सहकारी संघात हरिचंद दलाया यांनी १९५५ मध्ये ती करून दाखवली. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळांचा आहार तयार करण्याची पद्धत बसवली आणि तो अमूलने बाजारात आणला. त्या संशोधनाच्या दुसऱ्या टोकाला गावोगावचे दूध घालणारे शेतकरी होते, मालक म्हणून. आपल्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही कुणा एका ब्रँडला मिळालं नाही, सगळ्या गोव्याच्या फेणीला मिळालं. नंतर खोल्याची मिरची आली, खाजे आलं, मयड्याचं केळं आलं. मानांकन सगळ्यांचं असेल, तर त्यावरचं ज्ञान एकाच्या कपाटात का जावं?

पैशाचा हिशेब मी करून पाहिला आहे. राष्ट्रीय पातळीवरची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ शिष्यवृत्ती ४२,००० रुपये. घरभाडं सोडून तीन वर्षांचे होतात १३,९२,००० रुपये. अर्धे सरकारने किंवा विद्यापीठाने दिले, तर उरतात ६,९६,०००. वीस भट्टीवाल्यांनी किंवा वीस लहान कारखान्यांनी वाटून घेतले, तर प्रत्येकी तीन वर्षांत ३४,८००, म्हणजे महिन्याला हजार रुपयांच्या आत. रसायनं आणि उपकरणांचा खर्च यात नाही, तो विद्यापीठाने धरावा. ज्यांना हजार रुपयेही जड आहेत, त्यांचे नमुने आणि त्यांची रात्रीची जाग हीच त्यांची वर्गणी मानावी आणि गटात त्यांना तेवढाच हक्क द्यावा. माझ्या वेळी ज्या काकी मध्यरात्री दार उघडत होत्या, त्यांचं मोल कोणत्या करारात लिहिलेलं होतं?

आता उद्योगातल्या मंडळींना थोडं. तुमची भीती मी ओळखते. आज मीही तुमच्याच बाजूला काम करते. आपली रीत शेजाऱ्याला कळली तर धंदा जाईल, ही भीती खोटी नाही. पण गुपितांत फरक करायला हवा. तुमच्या लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण तुमचं, ते प्रबंधात यायची गरजच नाही. एखादं नवं यंत्र, नवी पद्धत निघाली, तर आधी पेटंटचा अर्ज करा, त्यासाठी एक हंगाम प्रबंध राखून ठेवा. एका हंगामापेक्षा जास्त नको. मात्र खाणाऱ्याच्या जिवाशी संबंध असलेली गोष्ट एक दिवसही गुपित राहता कामा नये. फेणीतलं मिथेनॉल त्यात येतं. बांगड्यातलं हिस्टामिनही त्यातच येतं: बांगडा पकडल्यापासून थंड राहिला नाही, तर जिवाणू त्यात हिस्टामिन तयार करतात आणि ते तळून-शिजवूनही जात नाही. मालीमच्या किंवा कुटबणच्या जेटीवर बर्फ किती, उन्हात पाटी किती वेळ, होडीतून ट्रकपर्यंत किती मिनिटं, यावर एखाद्या विद्यार्थिनीने तीन वर्षं काम केलं, तर तिचे आकडे जेटीवर फळा लावून लिहायला हवेत.

आणि प्रश्न कोण विचारतो, याकडेही लक्ष द्या. काजू कारखान्यातला व्यवस्थापक विचारेल की गर अखंड जास्त कसे निघतील. रास्तच आहे. डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडाला ३२० पर्यंत गर. अखंड गराचा आणि तुकड्याचा भाव वेगळा, आणि त्यावरच कारखान्याचा नफा-तोटा ठरतो. पण बिया फोडणाऱ्या बाईला विचारा. ती आपले हात पुढे करील. टरफलातलं तेल, त्यातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल, बोटांची कातडी काळी करतं, सोलून काढतं. वाफवताना किती वेळ आणि किती ताप दिला म्हणजे गरही अखंड राहील आणि तेलही हाताला कमी लागेल, हा एकच प्रश्न दोघांचा आहे. विषय ठरवायच्या बैठकीत ती बाई नसेल, तर प्रबंधात अर्धाच प्रश्न येईल. म्हणून गटाच्या समितीत काम करणाऱ्यांची दोन माणसं असावीत असा माझा आग्रह आहे.

पदेरांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथे वेळ हातातून चालला आहे. आपल्या पावाचं पीठ पूर्वी माडाच्या सुरेने (माडीने) फुगवत. सुरेत यीस्टही असतं आणि आम्ल करणारे जिवाणूही, त्यामुळे त्या पावाला जो हलका आंबूसपणा यायचा तो बाजारच्या यीस्टला येत नाही. आता माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, सूर मिळत नाही, आणि बहुतेक ठिकाणी पुडीतलं यीस्ट आलं. सुरेतली ती वस्ती कशी होती, कोणकोण त्यात होतं, ती जपून ठेवून पदेराला रोज ताजी देता येईल का, हा विषय एका पीएच.डी.ला पुरून उरेल. पण हे काम करायला अजून सूर काढणारा माणूस हवा आणि ती वापरून पाव केलेला म्हातारा पदेर हवा. दहा वर्षांनी विद्यार्थी मिळेल, निधी मिळेल, हे दोघे मिळणार नाहीत.

विद्या परिषदेला माझी विनंती वेळापत्रकाबद्दल आहे, आणि हीच मला सगळ्यात तातडीची वाटते. गटाशी करायच्या कराराचा नमुना आधीच तयार असू द्या, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यामागे कागद नव्याने फिरणार नाही. काजूवर काम करणाऱ्याची नोंदणी आणि विषयाची मंजुरी डिसेंबरपर्यंत संपवा. कोर्सवर्क पावसात ठेवा. जून ते सप्टेंबर भट्टी बंद असते, वाचायला तोच काळ चांगला. मासळीवर काम करणाऱ्याचंही तसंच: मासेमारी बंदीचे दिवस त्याच्या वाचनाचे. आयोगाच्या २०२२ च्या नियमांत नोकरी करताना अर्धवेळ पीएच.डी. करायची मुभा आहे, मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. लहान कारखान्यात काम करणाऱ्या मुलामुलींसाठी ती वाट मोकळी करा. त्यांना धंदा आधीच माहीत असतो. आणि करारातली कलमं विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस सहीच्या आधी त्याच्या शेजारी बसलेला असू द्या. माझ्या शेजारी तेव्हा कुणी नव्हतं.

मार्गदर्शक दोन असावेत. एक विद्यापीठातले. दुसरा धंद्यातला, मग त्याच्याकडे पदवी असो वा नसो. आयोगाच्या 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' योजनेत अनुभवाला पदवीच्या बरोबरीने मान दिला आहे. आपल्या जुन्या भट्टीवाल्यांना त्याच मानाने बोलावता येईल का, ते पाहावं. नियमात बसत नसेल, तर निदान सल्लागार समितीवर त्यांची जागा लिहून ठेवावी आणि येण्याजाण्याचा खर्च द्यावा.

गोवा लहान आहे, हे आपलं भाग्य आहे. सगळं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं. ताळगावला विद्यापीठ, दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाची प्रयोगशाळा, जुन्या गोव्याला एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था, जिने आपल्याला गोवा-१ ही काजूची जात दिली. सगळं हाकेच्या अंतरावर, आणि सत्तरीच्या भट्टीवरून तिथे पोचायला दीड-पावणेदोन तास. सकाळी सहाला मडक्यातून काढलेला रस आठच्या आत गॅस क्रोमॅटोग्राफसमोर (घटक मोजणाऱ्या यंत्रासमोर) असू शकतो, आणि संध्याकाळी त्याचा आकडा भट्टीवर परत जाऊ शकतो. माझ्या वेळी तो सहा महिन्यांनी यायचा, तोही दुसऱ्या शहरातून. त्याच रात्री आला असता तर बाबांनी दुसऱ्या दिवशी पहिली धार थोडी जास्त काढून बघितली असती, आणि मला दोन आकडे मिळाले असते.

आणखी एक. मौखिक परीक्षेच्या आधी विद्यार्थ्याने आपलं सगळं काम मराठीत किंवा कोंकणीत पंधरा-वीस पानांत लिहावं आणि ज्या लोकांनी नमुने दिले त्यांच्यासमोर, त्यांच्या अंगणात वाचून दाखवावं. त्यांनी विचारलेले प्रश्न प्रबंधाच्या शेवटी जोडावेत. परीक्षकांनी ते वाचूनच यावं. तीन वर्षं कुणाच्या मडक्यात डोकावून पाहिल्यावर त्याला काय दिसलं ते सांगणं ही पदवीचीच अट असली पाहिजे.

आपल्यापैकी ज्यांना वेळ काढता येईल, त्यांनी येत्या मार्चमध्ये आमच्याकडे यावं. प्राध्यापकांनी यावं, कारखानदारांनी यावं. कुंडी बघा, नीरो (बोंडांचा न आंबलेला रस) प्या, रात्री मडक्यांना कान लावून बसा. रस उठतो तेव्हा त्याचा आवाज येतो. त्या काकी अजून आहेत आणि त्यांचा तीन कोपऱ्यांचा प्रश्न अजून तसाच आहे.

बाबा आता थकले, पण कॅलेंडरवर लिहिणं चालू आहे. माझ्या पीएच.डी.नंतरची पानंही गुंडाळीत जोडली गेली आहेत. त्यांना मी विचारलं की या योजनेतून पहिला विद्यार्थी आला तर कॅलेंडरं देणार का. देईन म्हणाले. नेताना त्याने नाव-गाव लिहून ठेवावं, आणि जे काही सापडेल ते आधी येऊन सांगावं.

आपली,
वाळपई, सत्तरी येथील एक अन्नशास्त्र संशोधक